गजकर्णाच्या डॉक्टरचं शौर्यपदक

डॉक्टर सैन्यात गेला तो काही प्राण ओवाळून टाकायला नव्हे. त्याला दुसरीकडे कुठे कोणी विचारेना, म्हणून गेला. त्वचारोगाची पदवी घेऊन तो दोन वर्षं पाटी लावून बसला होता आणि त्या दोन वर्षांत पेशंटांपेक्षा शेजारच्या शिंप्याचं दुकान विचारायला आलेली माणसंच जास्त होती. मग सैन्याची जाहिरात दिसली. राहायला घर, अंगावर कपडे, महिन्याच्या महिन्याला पगार, आणि मुख्य म्हणजे पेशंट पळून जाऊ शकत नाही. हे शेवटचं त्याला फारच पटलं.

तिथे मात्र त्याचं बरं बस्तान बसलं. बूट ओले, मोजे ओले, एका टॉवेलाला चार अंगं पुसणारी. गजकर्ण, खरूज, नायटा यांना तोटा नव्हता. सहा वर्षं त्यानं मलमं वाटली. पलटणीत त्याला 'मलमसाहेब' म्हणायचे, तोंडावर नाही, पण भिंतीपलीकडून नीट ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. त्याला त्याचं काही वाटत नसे. आपल्या मलमानं अजून एकही माणूस दगावला नाही, असं तो बायकोला ऐकवायचा, आणि बायको म्हणायची, "बरा तरी कोण झालाय, ते सांगा."

मग युद्ध लागलं आणि मलमाला कोणी विचारेना. वरून हुकूम आला की असेल तो डॉक्टर पुढे पाठवा. त्यात हा पण 'असेल तो' निघाला. आघाडीपासून सहा मैलांवर एका रिकाम्या शाळेत जखमींसाठी ठाणं उभं केलं होतं, तिथे याची नेमणूक झाली. खरा सर्जन दोन दिवसांत येणार होता. त्याला कावीळ झाली. तोवर सांभाळा, असा निरोप आला, आणि हे 'तोवर' संपेपर्यंत युद्धही संपलं.

डॉक्टरनं उघडं पोट शेवटचं पाहिलं होतं ते शिकत असताना, तेही बाजूला हुक धरून उभं राहून, आणि तेव्हाही त्याला चक्कर आली होती. आता चौथीच्या वर्गात बाकं जोडून केलेल्या टेबलापाशी तो हातमोजे घालून उभा राहिला. पहिल्या दिवशी त्यानं दोन्ही मोजे डाव्या हाताचे घातले. ते सांगायचं धाडस झालं नाही म्हणून तसाच काम करत राहिला. शेवटी मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "साहेब, उजवा इकडे आहे."

ते आबा. नर्सिंगचे हवालदार. वय अडतीस, पण डोकं पांढरंशुभ्र, म्हणून सगळं ठाणं त्यांना आबा म्हणायचं. एकोणीस वर्षं सर्जन लोकांच्या शेजारी उभं राहून त्यांनी इतकी पोटं उघडताना नि शिवताना पाहिली होती की डॉक्टरला पदवी देऊन आणि त्यांना न देऊन विद्यापीठानं चांगलाच विनोद केला होता. पण आबांनी ते कधी जाणवू दिलं नाही. "साहेब, जरा डावीकडे बघता का," असं म्हणायचे, आणि डावीकडे बघितलं की रक्त तिथूनच येत असायचं. हात साहेबांचे आणि अक्कल आबांची, असा संसार चालला होता. त्या संसारात डॉक्टरनं बऱ्याच जणांना वाचवलं असं कागदोपत्री आहे.

कामाची रीत ठरलेली होती. जखमींची गाडी आली की डॉक्टर एकेकापाशी वाकायचा. नाडी, श्वास, डोळे, जखम. मिनिटभरात बघायचं आणि रंग सांगायचा. आबा त्या रंगाची पुठ्ठ्याची चिठ्ठी त्याच्या मनगटाला दोऱ्यानं बांधायचे. लाल म्हणजे आधी टेबलावर. पिवळी म्हणजे थांबला तरी चालेल. काळी म्हणजे याच्यावर वेळ घालवायचा नाही. दुखणं कमी होईल असं इंजेक्शन द्यायचं, ब्लँकेट घालायचं आणि व्हरांड्यात सावलीला ठेवायचं. काळ्या चिठ्ठीला रक्ताची बाटली द्यायची नाही. हा नियम निर्दय वाटतो, पण बाटल्या मोजक्या असतात तेव्हा दुसरा नियम कोणाला सुचलेला नाही. रंग सांगायचा अधिकार फक्त डॉक्टरचा. त्यात कोणी बोलायचं नाही, आबांनीसुद्धा नाही.

अकराव्या दिवशी एकदम सव्वीस जण आले. बाटल्या पाच होत्या.

डॉक्टर रांगेतून रंग वाटत सुटला. सतराव्या का अठराव्या नंबरला एक आचारी होता. पुढच्या तुकडीच्या स्वयंपाकाच्या तंबूवर गोळा पडला होता. अंग राखेच्या रंगाचं, पोट ताठ, मनगटाला नाडी नाही, डोळे मिटलेले. डॉक्टरनं अर्ध्या मिनिटातच सांगितलं, "काळी," आणि पुढे सरकला. त्याच्या पुढचा एक सिग्नलवाला पोरगा, विशीचा, टेकून बसलेला. पाठीला रुपयाएवढी जखम, बोलत होता, पाणी मागत होता. "पिवळी."

तासाभरानं टेबलावर एक लाल चिठ्ठीवाला आला. चिखलानं तोंड ओळखू येत नव्हतं आणि डॉक्टरला त्या दिवशी स्वतःचंही तोंड ओळखू आलं नसतं. पोट उघडलं, आत रक्ताचं तळं. आबा म्हणाले, "साहेब, प्लीहा. हात घाला, मुळाशी धरा." डॉक्टरनं डोळे मिटून हात घातला आणि धरलं. आबांनी चिमटा हातात दिला, कुठे लावायचा ते दाखवलं. फाटलेली प्लीहा बाहेर आली, रक्त थांबलं. पाचवी बाटली त्या माणसाला लागली.

दुपारी चारला व्हरांड्यातून ओरडा झाला. सिग्नलवाला बोलता बोलता आडवा झाला होता. डॉक्टर धावला. नाडी बुडत होती. "रक्त!" म्हणून ओरडला, तर रक्त नव्हतं. दहा मिनिटांत पोरगा गेला. शेवटपर्यंत तो डॉक्टरच्या बाहीला धरून होता. ती बाही सोडवावी लागली.

"शेवटची बाटली कोणाला दिली?" डॉक्टरनं विचारलं.

आबा खोटं बोलू शकले असते. कोणाला काही कळलं नसतं. ते म्हणाले, "आचाऱ्याला, साहेब. तुम्ही त्याला काळी सांगितली होती. लाल मी बांधली."

"कोणाला विचारून?"

"तुम्ही पुढे गेलात आणि तो बोलला. 'चुलीवर दूध आहे, कोणीतरी उतरवा,' म्हणाला. नाडी लागत नाही, पण दुधाची काळजी करतोय. असा माणूस काळा कसा म्हणायचा, साहेब?"

उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो. तसा त्यानंही चढवला. साऱ्या व्हरांड्यासमोर, स्ट्रेचरवाले, ड्रायव्हर, जखमी, सगळे ऐकत असताना तो म्हणाला, "तुम्ही मारलंत या पोराला, आबा. ती बाटली याची होती."

आबा ताठ उभे राहिले. "चूक झाली, साहेब. पुन्हा होणार नाही," म्हणाले आणि हात धुवायला गेले. ते बराच वेळ हात धूत होते.

आठवड्यानं कमांडिंग साहेब पाहणीला आले. आचारी तोवर उशीला टेकून बसत होता आणि ठाण्याच्या चहाला नावं ठेवत होता. त्यानं शर्ट वर करून टाके दाखवले. "साहेब, मला गाडीवाल्यांनी मेल्यातच काढलं होतं!"

कमांडिंग साहेबांनी जखम पाहिली, कागद पाहिले. "नाडी नसलेल्या माणसाला टेबलावर घ्यायचं ठरवलं कोणी?"

आबा हातात ट्रे घेऊन दोन पावलांवर उभे होते.

"मी, सर," डॉक्टर म्हणाला.

आता इथे डॉक्टरची बाजू ऐकायला हवी, कारण ती त्यानं पुढे स्वतःला हजार वेळा ऐकवली आहे. हुकूम मोडला म्हणून आबांना शिक्षा झाली असती; त्यांना वाचवण्यासाठी आपण ते अंगावर घेतलं. वा! ऐकायला किती छान! पण कमांडिंग साहेबांच्या चेहऱ्यावर शिक्षेचा मागमूस नव्हता, होती ती शाबासकी, आणि ती डॉक्टरला लांबूनच दिसली होती. सहा वर्षांत त्याच्याकडे कोणी तशा नजरेनं पाहिलं नव्हतं. त्याचं तोंड आपोआप उघडलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि या नागोबाला पुढे पदकही मिळालं.

पदकाच्या आधी आबांचा बदलीचा अर्ज आला होता. डॉक्टरनं कारण न वाचता सही ठोकली. खरं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं.

युद्ध संपल्यावर तीन महिन्यांनी मागच्या मोठ्या इस्पितळातून एक पत्र आलं. सिग्नलवाल्याचं शव तिथे तपासलं होतं, त्याचा अहवाल. छातीतली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी मागून चिरत आली होती, ती अखेर फुटली. दहा बाटल्या दिल्या असत्या आणि शेजारी सर्जन उभा असता, तरी पोरगा वाचला नसता. डॉक्टरनं पत्र दोनदा वाचलं. हे आबांना कळवलं पाहिजे, असं त्याला लगेच वाटलं. मग वाटलं, उद्या कळवू. कळवायचं म्हणजे आपण त्या दिवशी काय बोललो ते लिहायला हवं, आणि ते लिहिलं की 'मी, सर' पण लिहायला हवं. पत्र त्यानं टेबलाच्या खणात ठेवलं.

तो उद्या एकतीस वर्षं उजाडला नाही.

डॉक्टर निवृत्त झाला, घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना थाटून पुन्हा मलमं वाटू लागला. पदक बायकोनं फ्रेम करून भिंतीवर लावलं. त्यावर पहिल्या दिवसापासून त्याचा आक्षेप होता, पण आक्षेपाचं कारण सांगायची सोय नव्हती. आचारी दर वर्षी ऑपरेशनच्या तारखेला डझनभर केळी घेऊन यायचा. युद्धानंतर त्यानं खानावळ काढली होती, ती जोरात चालली होती, पोटही सुटलं होतं. आला की पेशंटांनी भरलेल्या खोलीत तो शर्ट वर करायचा. "बघा! हा देवमाणूस! मेलो होतो मी, मेलो!" खाज घेऊन आलेली माणसं टाक्यांचा तो लांबलचक वण बघून गप्प व्हायची. डॉक्टर ओशाळं हसायचा आणि लोक म्हणायचे, किती नम्र माणूस. शौर्यपदकवाला गडी दर वर्षी ठरवायचा, यंदा याला खरं सांगून टाकू. आणि दर वर्षी केळी सोलून खायचा.

बायकोला मात्र माहीत होतं. विजेचं बिल शोधताना खणातलं ते पत्र तिच्या हाती लागलं होतं, त्यालाही वीस वर्षं झाली. तिनं सगळं वदवून घेतलं. त्यानंतर दर वर्षी आचारी गेला की एकदाच विचारायची, "झालं का सांगून?" आणि केळी आत घेऊन जायची.

यंदा आचारी आला तो ओरडतच. "साहेब, कोण भेटलं सांगा! आबा! बायकोचा मोतीबिंदू काढायला डोळ्यांच्या इस्पितळात गेलो, तर रांगेत पुढे आबा!"

डॉक्टरनं चहाचा कप खाली ठेवला.

"बसनं तीन तासांवर राहतात, मुलीकडे. मी म्हटलं, चला की, साहेबांच्या दर्शनाला जाऊ. तर म्हणाले, नको. म्हटलं, का? तर म्हणाले," आचाऱ्यानं आवाज खाली आणला, "म्हणाले, माझ्या चुकीनं त्या दिवशी एक पोरगा गेला, साहेबांना कुठल्या तोंडानं भेटू? साहेब, कुठला पोरगा? मला तर काही माहीत नाही."

खोलीत दोन पेशंट होते. डॉक्टरनं एकाला दुसऱ्याचं मलम दिलं.

एकतीस वर्षं त्यानं स्वतःची अशी समजूत घातली होती की आबा विसरले असतील. सैन्यात रोज कोणीतरी कोणावर ओरडतो. कोण लक्षात ठेवतो? लक्षात फक्त आपल्याच राहिलंय, कारण आपलं मन हळवं. आणि तिकडे तो माणूस डोळ्यांच्या रांगेत उभा राहून अजून त्या पोराचा हिशेब देत होता.

बायको आतून बाहेर आली. तिनं पेशंटांना उद्या यायला सांगितलं. खणातून पत्र काढून नवऱ्यापुढे ठेवलं.

"पुढच्या महिन्यात जाईन म्हणतो," डॉक्टर म्हणाला. "जरा गुडघा..."

"गुडघ्याला मलम लावा. अकराची गाडी आहे. अहो, उठा आता! तो माणूस आहे तोवर जा. नंतर फोटोपुढे उभं राहून पत्र वाचणार आहात का?"

डॉक्टर उठला. आचारी खुशीत बरोबर निघाला. त्याला वाटलं, साहेब आबांना भेटायला किती आतुर आहेत! बसमध्ये तो तीन तास बोलत होता आणि डॉक्टर तीन तास मनात एकच वाक्य घोळवत होता. प्रत्येक थांब्याला ते वाक्य थोडं मऊ होत गेलं. शेवटच्या थांब्याला त्याच्यात डॉक्टरचा काही दोषच उरला नाही, तेव्हा त्याची त्यालाच लाज वाटली. गाव आलं, तशी एक आशाही आली की आबा घरी नसतील.

आबा घरीच होते. खालच्या मजल्यावरची एक खोली, आत स्वयंपाकघर. खिडकीशी मुलगी शिलाई मशीनवर कापड सरकवत होती. आबा खाटेवर बसले होते. डॉक्टर दारात दिसला तसे ते उठून ताठ उभे राहिले, टाचा जुळवून. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती.

"बसा, आबा, बसा," डॉक्टर म्हणाला. पण ते बसेनात, म्हणून तोही उभा राहिला, आणि मग आचारीही उभा राहिला. शेवटी मुलगीच म्हणाली, "अहो, सगळेच काय उभे? बसा ना!"

ती मोकळी, बोलकी बाई होती. खुर्च्या पुढे सरकवत म्हणाली, "बाबांच्या पलटणीतले का तुम्ही? स्टोअरमधले?"

"स्टोअर?" आचारी हसला. "अहो, तुमचे वडील ऑपरेशनला उभे राहायचे! साहेबांचा उजवा हात!"

"बाबा?" ती खळखळून हसली. "काहीतरीच! बाबांनी अकरा वर्षं ब्लँकेटं मोजली. तीच मोजून रिटायर झाले. आणि ऑपरेशन? घरात कोणाचं बोट कापलं तरी हे उठून आत जातात. साधी पट्टी बांधत नाहीत कोणाला. आई चेष्टा करायची, सैन्यातला माणूस आणि रक्ताला घाबरतो म्हणून. आम्ही पण करतो."

आबा खाटेच्या कडेकडे बघत होते. डॉक्टरला बदलीचा तो अर्ज आठवला, न वाचलेलं ते कारण आठवलं. त्या साऱ्या ठाण्यात एकच हात असा होता, की ज्याला आपण काय करतोय हे कळत होतं. तो हात याच्या एका वाक्यानं ब्लँकेटं मोजायला गेला होता. आणि डोळे मिटून पोटात हात घालणारा तो डॉक्टर मात्र भिंतीवर पदक लावून बसला होता. बसमध्ये घोळवलेलं वाक्य त्याच्या डोक्यातून पार गेलं.

"आबा, त्या पोराला तुम्ही मारलं नाहीत," तो म्हणाला. "मी खोटं बोललो."

त्यानं पत्र काढलं आणि वाचलं. मुलगी मशीनचं चाक हातानं धरून बसली.

"परत वाचा," आबा म्हणाले.

त्यानं परत वाचलं. दहा बाटल्या, सर्जन, सगळं.

"हा कागद कधी आला, साहेब?"

"युद्ध संपल्यावर. तीन महिन्यांनी."

"कुठल्या साली?"

"त्याच साली, आबा."

आचाऱ्याला आता हळूहळू उजेड पडायला लागला होता. "थांबा, थांबा," तो म्हणाला. "मला टेबलावर घ्यायचं तुम्ही ठरवलंत ना?"

"नाही. मी तुला काळी सांगितली होती."

"काळी? मला?"

"हो. लाल आबांनी बांधली. माझा हुकूम मोडून."

आचारी उठून उभा राहिला. त्याचा चेहरा लालबुंद झाला. "आणि मी एकतीस वर्षं तुमच्या दारात केळी आणून टाकतोय! अहो, चुकून दुसऱ्याच्या घरी शिरलेल्या माणसालासुद्धा आपण सांगतो, बाबा रे, घर चुकलास! एका वर्षी तरी सांगायचंत! मी देवमाणूस म्हणायचो आणि तुम्ही केळी खायचात!"

"हो," डॉक्टर म्हणाला.

आचारी आबांकडे वळला. तो खाटेपाशी खाली बसला, त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकून, आणि लहान मुलासारखा रडायला लागला. आबांनी एक हात त्याच्या पाठीवर ठेवला. नजर मात्र डॉक्टरवरच होती.

"मी त्याच्या आईला लिहिलं होतं, साहेब," ते म्हणाले.

"कोणाच्या?"

"त्या पोराच्या. त्याच वर्षी. माझ्या चुकीमुळे तुमचा मुलगा गेला, असं लिहिलं. लपवायला नको वाटलं मला. तिचं उत्तर नाही आलं. दर वर्षी वाटायचं, येईल. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं." ते थांबले. "चार वर्षांपूर्वी ती वारली, त्यांच्या गावच्या एकाकडून कळलं. तिला असंच वाटत राहिलं, साहेब, की आपला पोरगा कोणाच्या तरी हलगर्जीपणानं गेला. वाचला असता, असं वाटत राहिलं तिला. आता तिला कोण सांगणार?"

डॉक्टरनं आबांकडून काय काय ऐकावं लागेल याची तयारी केली होती. शिव्यांची केली होती, माफीचीही केली होती, अगदी घराबाहेर काढतील याचीसुद्धा. या आईची केली नव्हती. ती त्याच्या कुठल्याच वाक्यात कधी आली नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"आबा, मला माफ..."

"ते नंतर बघू," आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात 'साहेब' नव्हतं. "धाकटा भाऊ आहे त्याचा. पत्ता आहे माझ्याकडे. त्याला लिहा. आत्ता, इथे बसून. तुमच्या सहीनं." मग मुलीला म्हणाले, "कागद दे गं यांना. आणि पेन."

मुलीनं मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि जागा करून दिली. वडिलांकडे ती आज पहिल्यांदाच पाहत असावी अशी पाहत होती. डॉक्टरनं लिहिलं आणि वाचून दाखवलं: "आपल्या बंधूंच्या दुःखद निधनासंबंधी त्या काळी काही गैरसमज निर्माण झाले होते..."

"कोणाचा गैरसमज?" आबांनी विचारलं. "मला तर तुम्ही स्पष्ट सांगितलं होतंत. त्यालाही स्पष्ट सांगा."

डॉक्टरनं तो कागद फाडला. दुसरा घेतला. या वेळी सगळं लिहिलं: चिठ्ठ्या, बाटली, व्हरांडा, कमांडिंग साहेब, खण. आचाऱ्यानं नाक पुसलं आणि खांद्यावरून वाकून बघितलं.

"हे काय अक्षर आहे?" तो म्हणाला. राग अजून गेलेला नव्हता. "औषधवाल्यालाच वाचता येईल हे! त्या माणसाला शब्द न् शब्द कळला पाहिजे."

"बरोबर आहे," आबा म्हणाले. "कळलं पाहिजे."

पेशंटांनी, कंपाउंडरनं, बायकोनंसुद्धा त्या अक्षरापुढे हात टेकले होते, आणि आजवर त्याचा फायदाच झाला होता. डॉक्टरनं मुलीकडे तिसरा कागद मागितला. मशीनशी वाकून, एकेक अक्षर सुटं काढत, त्यानं पुन्हा वरून सुरुवात केली. 'तुमच्या भावाला आबांनी मारलं नाही. मी तसं म्हणालो होतो. ते खोटं होतं.' एवढं लिहून त्यानं कागद आबांच्या चांगल्या डोळ्यासमोर धरला आणि विचारलं, "हे वाचता येतंय का?"

आबांनी ओठ हलवत सगळं वाचलं. "येतंय," ते म्हणाले. "पुढे लिहा."